उचलून लावायचं दार

आमच्या घरात दार कुणी सरळ लावत नाही. कडीला हात घालायचा, दार किंचित वर उचलायचं, खांद्याने रेटायचं आणि मग सोडायचं. मामाला ही खोड होती, त्याच्याकडून ती ताईला लागली आणि ताईकडून मला. घरातली दारं चांगली गुळगुळीत फिरणारी, बिजागऱ्यांना तेल घातलेली, तरी आम्ही ती उचलूनच लावायचो. ताईच्या ऑफिसात नवीन लागलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास विचारायचा, "बाई, दार बिघडलंय का?" ताई म्हणायची, "दार धड आहे. आम्ही बिघडलोय." त्यावर सगळे हसायचे, मीही हसायचे. आता ताई हे वाक्य म्हणत नाही.

ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून थोडी मोठी. माझे वडील मी तान्ही असतानाच गेले, त्यामुळे आई मला घेऊन मामाकडेच राहिली. ताई आणि मी एका पांघरुणात वाढलो, एकमेकींच्या झिंज्या उपटत शहाण्या झालो. ती दुकानं मांडते. म्हणजे विकत काही नाही, पण गिऱ्हाईक आत शिरल्यावर कुठे वळेल, कुठे थबकेल, आरसा कुठे हवा, गल्ला कुठे लपवावा, हे ठरवणं हा तिचा धंदा. चपलांची दुकानं, चष्म्यांची दुकानं, एकदा तर शवपेट्यांचंही दुकान तिने मांडलं. तिथे तिने मालकाला एवढंच बजावलं होतं की काही झालं तरी आरसा लावायचा नाही. गळ्यात सदा मोजायची टेप. माझी आई म्हणायची, हिने लग्न टेपशीच लावलंय, निदान ती उलटून बोलत तरी नाही. मी तिच्या कामांच्या पाट्या लिहिते, 'बाहेर जाण्याचा मार्ग'पासून 'कृपया हात लावू नये'पर्यंत सगळ्या.

तिची कामाची रीत वेगळी होती. कागदावर रेघ मारण्याआधी ती रिकाम्या जागेत दोऱ्या बांधायची आणि त्यांवर जुन्या चादरी टाकायची. चादर म्हणजे भिंत. त्यासाठी सगळ्या नातेवाइकांच्या चादरी तिने लंपास केलेल्या. मग त्या जागेशी ज्यांचा संबंध आहे अशांना बोलावून ती त्यांना चालवायची. काही सांगायचं नाही, विचारायचं नाही, नुसतं चाला म्हणायचं. आपण मागून खडू घेऊन जायचं आणि जिथे पाऊल अडखळेल तिथे जमिनीवर फुली मारायची. "तोंड खोटं बोलतं," ती म्हणायची, "पाय फारसं खोटं बोलत नाहीत." फुल्या बघून मग ती चादरी सरकवायची. माणूस चालवल्याशिवाय ती खिळा ठोकत नसे.

नदीकाठच्या जुन्या जकात कचेरीत स्मारकाचं प्रदर्शन करायचं ठरलं, तेव्हा हे काम ताईकडे आलं. का आलं, याचं खरं कारण असं की स्मारक समितीच्या अध्यक्षांच्या सुनेचं चष्म्याचं दुकान ताईने मांडलं होतं. अध्यक्ष म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. अख्खं गाव त्यांना हेडसर म्हणतं.

ही इमारत शहरातली सगळ्यात जुनी. भिंती अशा जाड की खिडकीच्या कोनाड्यात माणूस आडवा झोपेल. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात शहरावर बाँब पडले आणि मागाहून आग लागली, तेव्हा आसपासच्या गल्ल्यांतली माणसं या कचेरीच्या तळघराकडे धावली. एरवी तिथे जप्त केलेला माल ठेवत. तळघराला वर एक लोखंडी पत्रा मारलेलं लाकडी दार, आत शिरलं की छोटासा ओटा, तिथून वळणाचा जिना खाली. खाली गेलेली माणसं जगली. बाहेर पायरीवर राहिलेली माणसं जळाली. दुसऱ्या दिवशी नदीकडच्या झरोक्याचे गज कापून आतल्यांना बाहेर काढलं, कारण दार लागलेलं होतं आणि त्यावर कमानीचे दगड कोसळले होते. स्फोटाच्या हादऱ्याने दार लागलं, हे आम्ही शाळेत शिकलो. हेडसरांनीच शिकवलं. ते स्वतः तरुणपणी त्या तळघरात होते.

माझी आईही होती आणि तिच्या मांडीवर मी होते. मामी आणि ताई तेव्हा गावी होत्या. माझ्या वडिलांनी आम्हां दोघींना कचेरीत आणून मामाच्या हवाली केलं, कारण मामा त्या तळघराचा पहारेकरी होता, किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला. मग वडील माझी दुधाची बाटली आणायला घरी पळाले. परत आले ते पायरीपर्यंत. आईने मला हे सांगताना कधी आवाज चढवला नाही की रडली नाही. फक्त मी दूध सांडलं की ती मला मारायची, आणि बाकी कशासाठी कधीच मारत नसे.

मामाने त्यानंतर ती नोकरी सोडली. पुढे तो बागेत माळ्याचं काम करू लागला. मला शाळेत सोडायचा, न्यायला यायचा, माझ्या तापात रात्ररात्र बसायचा. त्याच्या उजव्या खांद्यावर भाजल्याचा मोठा डाग होता, त्यामुळे उन्हाळ्यातही तो सदरा काढत नसे. दर वर्षी स्मृतिदिनाला समितीकडून बोलावणं यायचं. तो बागेतली झारी उचलून बाहेर पडायचा आणि तोंडाला कुलूप लावून संध्याकाळी परत यायचा. आम्हाला वाटायचं, दाजींची आठवण त्याला सहन होत नाही. दाजी म्हणजे माझे वडील; आईला तो अक्का म्हणायचा.

ताईने कचेरीत चादरी टांगल्या. वरच्या दालनात जळक्या शहराच्या वस्तू ठेवायच्या होत्या. वितळून एकमेकांना चिकटलेली कुलपं, मालाच्या वजनकाट्याची वाकडी झालेली तागडी, एका बाईच्या पर्समधली नाणी जी आता एकच गोळा झाली होती. ती हे सगळं मोजायची, हातमोज्यांनी उचलायची, परत ठेवायची. घरी आली की जेवायला बसायची नाही. "दुकानात मी वस्तू अशी ठेवते की माणसाला ती हवीशी वाटावी," ती मला म्हणाली. "इथे काय करू ग? कुणाला हवीशी वाटली पाहिजे ही?" मी तिच्या पुढ्यात ताट सरकवलं.

जगलेल्यांपैकी जे अजून चालू शकत होते ते मामा सोडून सगळे येऊन चालून गेले. तळघराच्या जिन्यावर खडूच्या फुल्यांची गर्दी झाली. त्यावरून तिने ठरवलं की प्रदर्शनाचा शेवट तळघरात करायचा. बघायला आलेल्यांना जिन्याच्या ओट्यावर उभं करायचं, दार लावायचं आणि थोडा वेळ काळोखात ठेवायचं. बस. चित्र नाही, आवाज नाही. हेडसरांना हे फार आवडलं. "अगदी असंच होतं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

पण दार लागेना. ढिगारा उपसताना कामगारांनी ते पहारीने उघडलं होतं, तेव्हापासून ते तसंच उघडं. बिजागऱ्या झिजून दार खाली बसलेलं, जमिनीच्या दगडावर घासून घासून अर्धगोल चरा पडलेला. ताईचा सुतार अंगापिंडाने रेड्यासारखा. त्याने आणि त्याच्या माणसांनी जोर लावून पाहिला, दार चऱ्याच्या मध्यावर येऊन रुतायचं. सुतार म्हणाला, "बाई, खालून थोडं तासू द्या, लोण्यासारखं फिरेल." ताई म्हणाली, "या दाराचा भुसासुद्धा पडता कामा नये." मग ती एकदम म्हणाली, "बाबांना विचारायला हवं. ते रोज लावायचे हे दार."

त्या वेळी आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. जे दार इतक्या धडधाकट माणसांना लावता येत नाही ते हादऱ्याने कसं लागलं असेल, हा साधा प्रश्न आम्हाला पडला नाही. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट माणूस तपासून बघत नाही, एवढंच.

मामाने ताईला साफ नाही म्हटलं. महिनोन् महिने ती त्याला चालायला बोलावत होती आणि तो गुडघ्यांचं निमित्त काढत होता. शेवटी ताईने मला पुढे केलं. मामाने मला आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं, हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं आणि लहानपणापासून आम्ही त्याचा भरपूर फायदा घेतला होता. मी त्याच्यासमोर बसले. "मामा, माझ्यासाठी चल. माझ्या बाबांची जागा आहे ती."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. मग म्हणाला, "काठी दे."

दुपारची वेळ होती. पायरीपाशी आल्यावर मामा थांबला आणि पायरीवर पाय न ठेवता, काठी टेकत, लांब टांग टाकून थेट उंबऱ्यात गेला. ताईने मागून खडूने फुली मारली, सवयीने. सुतार दाराशी झटत होता. मामा ओट्यावर उभा राहून ते बघू लागला. आपलं काम दुसरा माणूस चुकीचं करताना बघणं कुठल्याही कामगाराला सोसत नाही. त्याचे ओठ हलायला लागले.

"असं नाही," तो शेवटी म्हणाला. "रेटून काय उपयोग? उचलायचं त्याला. तू हो बाहेर, तुझं अंग आड येतंय."

सुतार हसत बाहेर पायरीवर गेला. मामाने काठी माझ्या हातात दिली. कडीला दोन्ही हात घातले, दार वर उचललं, उजवा खांदा लावला आणि रेटलं. एवढं म्हातारं माणूस, पण दार चऱ्यावरून असं आलं की जणू त्याची वाटच बघत होतं. लागल्याचा आवाज झाला आणि काळोख झाला.

काठी काखेत मारून मी टाळी वाजवणार होते. दोन्ही हात वर गेले होते. तेवढ्यात ताईने बॅटरी लावली आणि मला तिचा चेहरा दिसला. ती मामाच्या खांद्याकडे बघत होती. घरात हजारदा पाहिलेली ती उचलायची तऱ्हा, तो खांदा, सदऱ्याखालचा तो डाग. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

बाहेर सुताराला यातलं काय कळणार! त्याने थट्टेने दारावर थापा मारल्या. काहीतरी ओरडलाही, काय ते कळलं नाही, हसतोय एवढं कळलं. थापा मात्र दगडात घुमत होत्या. मामाने पाठ दाराला लावली आणि तो हळूहळू खाली बसला.

"उघडायचं नाही," तो म्हणाला. "धूर येईल आत."

"बाबा," ताई म्हणाली, "तो सुतार आहे. अहो, सुतार आहे तो."

"मला माहीत आहे तो सुतार आहे," मामा म्हणाला. "मला वेड लागलेलं नाही." मग तो माझ्याकडे वळला. "ते तुझे बाबा होते."

त्याने सगळं तिथेच सांगितलं. तळघर भरलं होतं. रस्ता पेटला तसा धूर आणि आच आत यायला लागली, खाली पोरं खोकून खोकून काळीनिळी व्हायला लागली. पायरीवर अजून माणसं येतच होती. त्याने दार उचललं आणि लावलं. जिना वळणाचा, खालच्यांना वरचं दिसत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, हादरा बसला. त्याने कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

"ठोकत होते," तो म्हणाला. "पुष्कळ हात होते. मग दाजींची हाक आली. शब्द कळले नाहीत, पण आवाज दाजींचा होता. खोटं कशाला बोलू? ओळखला मी. एकासाठी उघडलं असतं तर ते परत लागलं नसतं. मी दाराला तोंड लावून ओरडलो, दाजी, अक्का आत आहे, बाळ आत आहे. जीव तोडून ओरडलो. मग ठोकणं थांबलं." त्याने डोकं मागे दाराला टेकवलं. "ते ऐकून थांबले की... ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. रोज तेच येतं मनात. ऐकलं असेल का त्यांनी?"

दार तापत गेलं तरी तो खांदा लावून बसून राहिला होता. खांद्यावरचा डाग त्या तापलेल्या दाराचा होता.

मी त्याला उठवायला हात दिला नाही. ताईने उठवला. मी काठी भिंतीला टेकवून ठेवली, दार उघडल्यावर सुताराच्या शेजारून सरळ बाहेर पडले आणि नदीपर्यंत चालत गेले.

त्यानंतर मी मामाकडे जाणं बंद केलं. मला राग आला होता, आणि तो समजूतदार राग नव्हता. दार लावलं नसतं तर आई मेली असती, मी मेले असते, हे गणित मला येत होतं. पण ज्या हाताने दार लावलं त्याच हाताने त्याने माझ्या वेण्या घातल्या, मला सायकल शिकवली, माझ्या लग्नात मला हाताला धरून नेलं, आणि एका शब्दाने कधी सांगितलं नाही. माझी आई तर न कळताच गेली. मला वाटायचं, हे सगळं प्रेम त्याने मला दिलं की फेडलं? या विचाराने माझा जीव जळायचा. लेक फोनवर विचारायची, "आई, मामाआजोबांशी भांडलीस का?" मी म्हणायचे, "तू तुझं बघ."

तिकडे ताईची वेगळीच लढाई चालू होती. दारापाशी लावायच्या पाटीचा मजकूर समितीने कधीच मंजूर केला होता: 'स्फोटाच्या हादऱ्याने हे दार बंद झाले.' ताईने सांगितलं की ही पाटी लागणार नाही, कारण हे दार हादऱ्याने लागत नाही. हेडसर सुरुवातीला चिडले, मग त्यांनी विनवण्या केल्या. एके संध्याकाळी ते माझ्याच घरी आले. टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेवर बसले.

"तू तरी तिला समजाव," ते म्हणाले. "हादरा म्हटलं की कुणी कुणाचं काही केलं नाही. पण माणसाने लावलं म्हटलं तर ते आमच्यासाठी लावलं. मी तेव्हा जिन्याच्या पार खालच्या पायरीवर बसलो होतो, दार लागल्यावर मला बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं, कळतंय का तुला? आता या वयात हे घेऊन मी कुठे जाऊ?"

मी त्यांना चहा दिला. त्यांचा राग यावा असं मला वाटत होतं, पण आला नाही. मलाही त्या दाराने जगवलं होतं. मी फक्त फार लहान होते म्हणून मला बरं वाटल्याचं आठवत नव्हतं.

ते गेल्यावर मी ताईकडे गेले. ती तिच्या टेबलावर डोकं धरून बसली होती. समोर तळघराचा नकाशा, त्यावर खडूच्या फुल्यांची नोंद.

"बघ," ती म्हणाली. "सगळ्या फुल्या आत आहेत. बाहेर पायरीवर एकच आहे, बाबांची, आणि तीही त्यांनी पाय टाकायचं टाळलं म्हणून. मी माणसं चालवली ती सगळी जगलेली. मेलेलं कुणी चालायला आलंच नाही. म्हणून मी अख्खं प्रदर्शन दाराच्या आत उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाला सुखरूप बाजूला उभं करणार होते मी. एवढी वर्षं हे काम करून ही चूक केली." तिचे डोळे भरून आले. "त्यांच्यातर्फे कोण चालणार आता?"

"मी चालते," मी म्हणाले. "पण मामाला आण. आत तो हवा."

दोन दिवसांनी आम्ही तिघंच कचेरीत गेलो. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्याच्याकडे नाही. मी पायरीवर उभी राहिले. दगड भाजून तांबूस झालेला आणि मधोमध खोलगट. तिथून दार फार मोठं दिसतं. आतून ते एवढं मोठं कधीच वाटलं नव्हतं.

"तेव्हा काय ओरडलास ते ओरड," मी मामाला म्हणाले. इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोललेलं हेच पहिलं वाक्य.

दार लागलं. मी थापा मारल्या. आधी हलक्या, मग जोरात, मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी मुठी आवळून बडवायला लागले आणि रडायला लागले. बाबा, मामा, दार, तोंडाला येईल ते मी ओरडत होते. तेवढ्यात आतून आवाज आला आणि मी थांबले. कान दाराला लावला. पत्रा थंड होता. बाबांच्या वेळी बाहेर आग होती, किंकाळ्या होत्या, हे मला कळत नव्हतं असं नाही. तरी मी ऐकलं.

दार उघडलं. मामा उंबऱ्यात, धापा टाकत. ताई त्याच्यामागे. तो काय विचारतोय ते त्याच्या डोळ्यांत होतं.

मी तेव्हा खोटं बोलू शकले असते. मनात आलंही. पण माझं खोटं त्याने लगेच ओळखलं असतं, त्याने मला वाढवलंय.

"शब्द कळत नाहीत," मी म्हणाले. "एकही कळला नाही."

त्याचा चेहरा पडला. इतकी वर्षं ज्या एका आशेवर तो तगला होता ती माझ्या हातून गेली, हे मला दिसलं, आणि सगळा राग असूनही मला ते बघवेना.

"पण आवाज तुझा आहे ते कळतं," मी म्हणाले. "लगेच कळतं. मामा, बाबांनी आम्हाला कुणाच्या हवाली केलं होतं?"

त्याने चौकटीला हात टेकला.

"तुझ्या. मग आतून तुझा आवाज आला तर त्यांना काय कळलं असेल? तू आत आहेस म्हणजे आम्ही आत आहोत. आम्हाला बाहेर टाकून तू एकटा आत गेला नसतास, हे बाबांना माहीत नव्हतं का?"

मामा पायरीवर बसला, जिच्यावर त्याने त्या दिवशी पाय ठेवला नव्हता. मी शेजारी बसले. तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. मी त्याला माफ केलं असं मी म्हणत नाही. तो शब्द मला त्या दगडावर बसून उच्चारता आला नसता. पण मी त्याचा हात हातात घेतला, तोच हात.

ताई आमच्या मागे उभी होती आणि टेपने पायरीची रुंदी मोजत होती. मोजता मोजता रडत होती.

आता तिथे असं आहे. पायरीपाशी आल्यावर येणाऱ्यांचे दोन गट करतात. अर्धे आत जातात, अर्धे पायरीवर राहतात. दार लावायला तिथला कर्मचारी नाही, आतल्यांपैकीच कुणालातरी ते लावावं लागतं. ताईने ते तासू दिलं नाही. आतल्याने बाहेरच्यांना काहीतरी ओरडून सांगायचं, बाहेरच्यांनी ऐकायचं. काही लोक दार लावायला नकार देतात आणि तसेच परत जातात. ताई म्हणते, त्यांनाही प्रदर्शन कळलंय.

पाटी मीच लिहिली. समितीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, माझा बाप बाहेर होता आणि मी आत होते, तेव्हा दोन्हीकडून बोलायचा हक्क माझा आहे. सगळ्यांत आधी हेडसरांनीच हात वर केला. पाटीवर मजकूर एवढाच आहे: 'हे दार उचलल्याशिवाय लागत नाही.' नाव नाही. मामा म्हणाला होता, नाव घाल. मी म्हणाले, विचारतील त्यांना तू सांग.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी मामा आला. गट करायची वेळ आली तेव्हा तो पायरीवर जाऊन उभा राहिला, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी आत गेले. कडीला हात घातले, खांदा लावला. घरातली दारं उचलणं वेगळं, हे वेगळं. मला ते पहिल्या दमात हललंच नाही. दुसऱ्या वेळी लागलं. काळोखात मी दाराला तोंड लावून एक वाक्य ओरडले आणि मग उघडलं.

मामा पुढे वाकून उभा होता, कान दाराच्या जागी धरून.

"तूच होतीस," तो म्हणाला. "पण म्हणालीस काय ग?"

"दार फार जड आहे म्हणाले," मी सांगितलं.